कार्यालयातील जुनी दूरध्वनी यंत्रणा : दोष कुठे शोधावा, बदल कसा करावा

गोव्यातील शाळा, पंचायती, पतसंस्था, हॉटेले, इस्पितळे आणि सरकारी खाती यांच्या इमारतींत जिन्याखाली किंवा लेखनिकाच्या मागच्या भिंतीवर एक राखाडी पेटी आढळते. तिला कोणी इंटरकॉम म्हणते, कोणी बोर्ड, तर बिलावर ती ईपीएबीएक्स या नावाने नोंदलेली असते. पंधरा-वीस वर्षे ती फारशी तक्रार न करता चालते आणि नेमक्या याच कारणाने तिची माहिती असलेला माणूस कार्यालयात उरत नाही. बसवणारा तंत्रज्ञ धंदा बदलून गेलेला असतो, पुस्तिका हरवलेली असते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. मग एखाद्या पावसाळ्यात निम्मे फोन मुके होतात, विक्रेता येऊन पेटीकडे नजर टाकतो आणि सगळेच नवे घेण्याचा सल्ला देतो. पुष्कळदा दोष त्या पेटीत नसतोच. तो तारेत, जोडात, बॅटरीत किंवा एखाद्या विसरलेल्या सेटिंगमध्ये असतो आणि नवी यंत्रणा आणली तरी तो जिथल्या तिथेच राहतो.

ईपीएबीएक्स म्हणजे इमारतीपुरते टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरून येणाऱ्या लाइनला ट्रंक आणि टेबलावरच्या फोनला एक्स्टेन्शन म्हणतात. बाजारात ‘चार-सोळा’ किंवा ‘आठ-बत्तीस’ असे बोलतात, त्याचा अर्थ चार ट्रंक व सोळा एक्स्टेन्शन, आठ ट्रंक व बत्तीस एक्स्टेन्शन असा. भारतात ही इलेक्ट्रॉनिक यंत्रे सर्वदूर पोहोचली ती ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन केंद्राच्या कामानंतर. या केंद्राने कार्यालयांसाठी १२८ पोर्टांचे पीबीएक्स आणि खेड्यांसाठी त्याच जातीचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. पहिले ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, उष्म्यात आणि धुळीत चालावे ही या यंत्राच्या रचनेची अट होती. जुन्या देशी पेट्या आजही तग धरून आहेत, त्याचे बरेचसे श्रेय या अटीला द्यावे लागेल.

पेटी उघडली की आत पुस्तकांप्रमाणे उभ्या लावलेल्या पट्ट्या दिसतात. एक वीजपुरवठ्याची, एक मुख्य प्रोसेसरची, एक-दोन ट्रंकच्या आणि उरलेल्या एक्स्टेन्शनच्या. एक्स्टेन्शनची एक पट्टी, म्हणजे कार्ड, बहुधा आठ किंवा सोळा फोन सांभाळते. पेटीतून निघालेल्या तारा शेजारच्या चौकटीत जातात. तिला एमडीएफ म्हणतात आणि तीत दहा-दहा जोड्यांचे पांढरे क्रोन मोड्यूल बसवलेले असतात. एका बाजूला पेटीच्या तारा, दुसऱ्या बाजूला इमारतीच्या तारा. दोष शोधण्याची खरी जागा ही चौकट होय. पेटीला हात लावण्याची पाळी त्यानंतरची.

आधी प्रश्न, मग पेचकस

फोन बंद आहे एवढ्या तक्रारीवरून काहीच कळत नाही. किती फोन बंद आहेत, हे आधी विचारावे. एकच बंद असेल तर संशय उपकरण, त्याची दोरी, भिंतीतील तार आणि कार्डावरचे एक पोर्ट या क्रमाने घ्यावा. ओळीने आठ किंवा सोळा क्रमांक एकाच वेळी गेले असतील तर कार्ड गेले किंवा आपल्या खाचेत सैल झाले. आतले फोन एकमेकांशी बोलतात पण बाहेर लागत नाही, तर प्रश्न ट्रंकचा. सगळेच मुके असतील तर विजेचा. या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र तीन-चतुर्थांश घटते आणि तरीही तो विचारण्याआधी पेटी उघडण्याची घाई सर्वत्र दिसते.

एक फोन बंद असल्यास चालू असलेला साधा फोन घेऊन एमडीएफपाशी जावे. इमारतीची जोडी सोडवून पेटीच्या बाजूला तो फोन थेट जोडावा. डायल टोन आला तर पेटी निर्दोष आहे आणि दोष पुढच्या तारेत आहे. टोन आला नाही तर तीच जोडी शेजारच्या चालू पोर्टावर लावून पाहावी. बाहेरच्या लाइनचीही हीच कसोटी. लाइन पेटीतून काढून साध्या फोनला जोडावी. तिथेही टोन नसेल तर तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडे करावी, ईपीएबीएक्सच्या तंत्रज्ञाला बोलावून भेटीचे पैसे देऊ नयेत. मात्र ऑपरेटरच्या टेबलावरचा बटणांचा आणि पडद्याचा फोन या चाचणीला वापरू नये. तो त्या-त्या कंपनीच्या पेटीसाठी बनवलेला डिजिटल संच असतो. साध्या पोर्टावर तो चालत नाही आणि त्याच्या पोर्टावर साधा फोनही चालत नाही.

मल्टिमीटर असल्यास काम आणखी सोपे होते. तांब्याच्या चांगल्या बाह्य लाइनीवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी दिसतात, उचलल्यावर ते ६ ते १२ व्होल्टांवर उतरतात. लहान पेट्यांच्या एक्स्टेन्शनवर विसावलेल्या अवस्थेत २४ ते ३० व्होल्ट मिळाले तरी ते सदोष समजू नये. घंटी वाजताना मात्र त्याच जोडीवर सुमारे ७५ व्होल्टांचा एसी प्रवाह चढतो. तो चांगलाच झटका देतो, म्हणून सोललेली तार दातांत धरण्याची काही तंत्रज्ञांची सवय अनुकरणीय नाही. गडगडाट चालू असताना तर एमडीएफला हातच लावू नये.

पाऊस, वीज आणि पाल

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा, हे आपल्याकडील दोषांचे मूळ आहे. सकाळी खरखर आणि दुपारी ऊन पडल्यावर फोन ठीक, असे रोज होत असेल तर एखाद्या जोडात ओल शिरली आहे. असा जोड बहुधा छपराखालच्या पेटीत किंवा खिडकीच्या चौकटीवर सापडतो. तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो. तो खरवडून पुन्हा पीळ देणे हा महिनाभराचा इलाज. तेवढा भाग कापून, जेल भरलेल्या कनेक्टरने नवा जोड करणे हा कायमचा. खरखरीऐवजी एकसुरी घरघर ऐकू आली तर टेलिफोनची तार विजेच्या तारेला लागून गेली आहे का ते पाहावे. दुरुस्तीच्या वेळी वायरमनने दोन्ही तारा एकाच पट्टीत कोंबल्याची उदाहरणे असंख्य आहेत. घंटी एकदाच वाजून थांबते आणि उचलल्यावर कोणी नसते, हेही बहुतेक वेळा ओल्या तारेचेच लक्षण. पाण्यातून झिरपणाऱ्या प्रवाहामुळे फोन उचलला गेला असा पेटीचा समज होतो.

पालीचा उल्लेख विनोदाने केलेला नाही. वीजपुरवठ्याच्या कार्डाजवळची ऊब पाली आणि मुंग्या दोघांनाही आवडते आणि पालीचे शरीर दोन संपर्कांवर आडवे पडले की कार्ड जळते. पेटीची न वापरलेली भोके बारीक जाळीने बंद करण्यास जवळपास काहीच खर्च येत नाही.

विजेची भीती मात्र पावसाच्या भरापेक्षा त्याच्या दोन टोकांना अधिक असते, एप्रिल-मेमधील वळवाच्या वेळी आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात. बाहेरच्या तारेवरून आलेला लोंढा ट्रंक कार्डातून शिरतो आणि जमिनीकडे जाण्याची वाट शोधतो. त्याला सोपी वाट देण्यासाठी एमडीएफवर गॅस ट्यूब असलेले संरक्षक मोड्यूल बसवतात. ते मोड्यूल अर्थिंगला जोडलेले असतील तरच उपयोगी. अनेक ठिकाणी मोड्यूल आहेत, पट्टी आहे, पण पट्टीतून जमिनीत जाणारी हिरवी तारच नाही. अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या आत असावा अशी सामान्य अपेक्षा आहे. आपली जांभ्याची जमीन कोरडी झाली की विजेला फार अडवते आणि ती सर्वांत कोरडी असते ती मे महिन्यात, नेमक्या वळवाच्या तोंडावर. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे आणि रोध एप्रिलमध्येच मोजून घ्यावा. आणखी एक दुर्लक्षित बाब अशी की संरक्षण केवळ बाहेरच्या लाइनींना दिले जाते. फाटकावरील चौकीला, वसतिगृहाला किंवा शाळेच्या दुसऱ्या इमारतीला उघड्यावरून गेलेली एक्स्टेन्शनची तारही वीज तितक्याच सहजतेने आत आणते.

बॅटरी, घड्याळ आणि शून्य

मोठ्या पेट्यांना ४८ व्होल्टांचा आधार बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून दिलेला असतो. या बंद जातीच्या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षे टिकतात. उष्ण खोलीत त्याहून कमी. वीज असेपर्यंत मेलेली बॅटरीही लपून राहते, म्हणून वर्षातून दोनदा शनिवारी दुपारी मुद्दाम मुख्य वीज बंद करून फोन किती वेळ चालतात ते पाहावे. चारपैकी एकच फुगली असली तरी चारही एकदम बदलाव्यात, कारण जुनीच्या संगतीत नवी लवकर मरते.

दुसरी बॅटरी अधिक कपटी आहे. ती प्रोसेसर कार्डावर असते, नाण्याएवढी, तीन व्होल्टांची. कित्येक जुन्या पेट्यांत घड्याळ आणि प्रोग्रॅमिंग तिच्यावर जगते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर पेटी कारखान्यातून आली तशी होते. क्रमांक बदलतात, कुलपे निघतात. कधी केवळ घड्याळ चुकते. मग सकाळी अकरा वाजता पेटीला रात्र वाटते आणि बाहेरून आलेले सगळे फोन रात्रपाळीच्या चौकीदाराकडे वाजतात. स्वागतकक्षात कोणी फोनच उचलत नाही, ही लोकांची तक्रार खरी असते. दोष तिथल्या कर्मचाऱ्याचा नसतो.

असाच एक गैरसमज शून्याचा. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर स्थिर दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावे लागते. जुन्या पेट्यांत खर्च आवरण्यासाठी एसटीडी कुलूप घातलेले असते आणि ते शून्याने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक अडवते. परिणामी ज्या टेबलांवरून पूर्वी राज्यातील मोबाइल सहज लागत, तिथून ते लागेनासे झाले आणि अनेकांनी पेटी बिघडली असे ठरवून टाकले. इलाज प्रोग्रॅमिंगचा आहे. शून्यानंतर ६, ७, ८ किंवा ९ हे आकडे आले तर जाऊ द्यावे आणि शून्यानंतर पुन्हा शून्य आले, म्हणजे परदेशचा फोन असला, तर अडवावे. बाहेरची लाइन घेण्यासाठी शून्यच दाबावे लागत असेल तर मोबाइलसाठी दोनदा शून्य येते, हे कर्मचाऱ्यांना कागदावर लिहून द्यावे. त्याच बैठकीत ११२ हा आपत्कालीन क्रमांक प्रत्येक एक्स्टेन्शनवरून, कुलूप असो वा नसो, लागतो याची खात्री करून घ्यावी. ऐनवेळी आधी शून्य दाबायचे कोणाला सुचणार?

फायबर आल्यावर

तांब्याच्या लाइनी हळूहळू फायबरला जागा देत आहेत. फायबर आत आल्यावर एका लहान पेटीत संपते. तिला ओएनटी म्हणतात आणि तिच्या मागे साध्या फोनचे छिद्र असते. तिथून तार काढून ईपीएबीएक्सच्या ट्रंकला दिली की जुनी यंत्रणा चालू राहते, क्रमांकही राहतो. मोबाइलप्रमाणे कंपनी बदलून क्रमांक कायम ठेवण्याची सोय स्थिर दूरध्वनीला नाही. दवाखान्याच्या पाटीवर आणि लोकांच्या वहीत तीस वर्षे असलेला ०८३२ चा क्रमांक एकदा परत केला की गेला. म्हणून नव्या यंत्रणेच्या उत्साहात जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज सर्वांत शेवटी द्यावा.

या बदलात दोन गोष्टी खटकतात. तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे. ओएनटीला ती आपण द्यावी लागते. ईपीएबीएक्सला बॅटरी आहे पण ओएनटी साध्या प्लगवर आहे, अशी जोडणी वीज गेल्यावर पूर्णपणे निरुपयोगी ठरते. दुसरी अडचण लाइन अडकण्याची. समोरच्याने फोन ठेवला हे जुनी पेटी व्यग्र टोनच्या ठेक्यावरून ओळखते. आपल्याकडे तो पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता असा असतो. ओएनटीचा टोन वेगळा असला तर पेटीला काहीच कळत नाही आणि संभाषण संपूनही ट्रंक तासन्‌तास व्यग्र राहते. पेटीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये टोनचा ठेका जुळवून घेता येतो. कार्ड बदलण्याचे कारण नाही.

बदल कधी आणि कसा

कार्ड मिळत नाहीत, दुरुस्ती करणारा उरलेला नाही, वर्षात दोन-तीनदा तेच कार्ड जाते किंवा कामाचे स्वरूपच बदलले आहे, अशा वेळी जुने धरून बसण्यात अर्थ नाही. पण बदल म्हणजे सगळे उपटणे नव्हे. आजची आयपी यंत्रणा आवाज संगणकाच्या जाळ्यावरून नेते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अॅस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरमुळे साध्या संगणकालाही एक्स्चेंज करता येते. तिच्या जोडीला गेटवे नावाची पेटी मिळते. तीत चोवीस किंवा अधिक साधी पोर्टे असतात आणि जुने फोन जुन्याच तारांवर चालू राहतात. हा मधला मार्ग मला बहुतेक मध्यम कार्यालयांसाठी योग्य वाटतो. व्यवस्थापक, स्वागतकक्ष आणि हिशेब विभाग यांना आयपी फोन द्यावेत, बाकीच्यांचे साधे फोन राहू द्यावेत. संगणकाची तार शंभर मीटरपुढे जात नाही, टेलिफोनची जुनी जोडी किलोमीटरभरही बोलते. फाटकावरील चौकी आणि दूरच्या खोल्या तांब्यावरच राखण्यात शहाणपण आहे.

आयपी फोनसाठी जाळे तयार असावे लागते. चांगल्या प्रतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट प्रति सेकंद पुरतात. दहा संभाषणे एकदम चालली तरी ही मागणी आजच्या जोडण्यांना जड नाही. आवाज तुटतो तो उशिरामुळे आणि गर्दीमुळे. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. त्यामुळे स्विचमध्ये आवाजाला अग्रक्रम देणे आणि जमल्यास त्याचे जाळे वेगळे ठेवणे आवश्यक. फोनला वीज त्याच तारेतून, पीओई पद्धतीने मिळते आणि मौज अशी की तीही ४८ व्होल्टांच्या घरातलीच. मात्र आता बॅटरी स्विचला हवी. जुन्या पेटीखालच्या बॅटऱ्यांचा त्याला उपयोग नाही.

यादी करताना मुक्या उपकरणांचा विसर पडतो. फॅक्स, लिफ्टमधील फोन, आगीची सूचना देणारा डायलर, जुने कार्ड-यंत्र ही सगळी एखाद्या साध्या पोर्टावर गुपचूप बसलेली असतात. लिफ्ट मध्ये अडकेपर्यंत तिचा फोन बंद झाल्याचे कोणाला कळत नाही. जुन्या एमडीएफवरील प्रत्येक जोडी कुठे जाते हे बदलाआधी चालत जाऊन, फोन लावून तपासावे आणि तक्ता करावा. एका दिवसाचे हे काम नव्या यंत्रणेच्या निम्म्या कटकटी वाचवते. जुन्या पेटीचे प्रोग्रॅमिंगही उतरवून घ्यावे. काहींना त्यासाठी सिरियल पोर्टचा जुना संगणक लागतो. अडगळीतला असा संगणक भंगारात देण्याची घाई करू नये.

नवी यंत्रणा इंटरनेटशी जोडली की चोरांनाही दार मिळते. कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवलेल्या यंत्रातून चतुर्थीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत परदेशी महागड्या क्रमांकांवर रात्रभर फोन केले जातात आणि बिल कार्यालयाला येते. जुन्या पेट्याही यातून सुटलेल्या नाहीत. बाहेरून फोन करून आतून पुन्हा बाहेरची लाइन घेण्याची डिसा नावाची सोय उघडी असेल तर हाच प्रकार घडतो. परदेशी फोनची गरज नसल्यास ती सेवा कंपनीकडूनच बंद करून घ्यावी. तसेच इंटरनेटवरून आलेले परदेशी फोन स्थानिक लाइनीवर किंवा सिमकार्डांवर उतरवून देण्याचे आमिष कोणी दाखवले तर ते नाकारावे. परवानाधारक कंपनीला बगल देणारा तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि लाइन ज्याच्या नावावर, त्यालाच त्याचे उत्तर द्यावे लागते.

खरेदीच्या अटींत किमतीपेक्षा काही बाबी महत्त्वाच्या. प्रशासकाचा पासवर्ड कार्यालयाच्या ताब्यात राहील, प्रोग्रॅमिंगची प्रत दर बदलानंतर दिली जाईल, किती एक्स्टेन्शनचा परवाना किमतीत आहे आणि पुढच्याला किती पडतील, सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे लेखी घ्यावे. देखभालीच्या वार्षिक करारात बॅटरी आणि विजेच्या लोंढ्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. सहीपूर्वी ते कलम वाचावे.

बदलाचा दिवस सोमवार किंवा महिनाअखेर नसावा. दोन्ही यंत्रणा एका लाइनीने एकमेकींना जोडून पंधरवडाभर एकत्र चालवाव्यात, आतले क्रमांक जुनेच ठेवावेत आणि एकेक विभाग नव्यावर न्यावा. काही बिघडले तर जोडी एमडीएफवर परत जुन्या जागी खोचायची, एवढेच काम उरते. जुनी पेटी शेवटी निवृत्त झाली की तिची कार्डे आणि शिशाच्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत. २०२२ च्या ई-कचरा व बॅटरी कचरा नियमांनुसार त्या अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हव्यात आणि दिल्याची पावती दफ्तरी लावावी. एमडीएफची चौकट मात्र भिंतीवर राहू द्यावी. नवा गेटवे तिच्यावरच जोडायचा आहे.